रस्त्यावरचा उकिरडा आणि डेअरीतून परत आलेले दूध

प्रश्न एका सरपंचताईंचा आहे. त्यांच्या गावात लहानमोठी मिळून सुमारे दोनशे जनावरे आहेत. बहुतेक गोठे गावठाणातच, घरांना लागून आहेत आणि रस्त्याच्या कडेने उकिरडे वाढत चालले आहेत. शाळेकडे जाणाऱ्या वाटेवर शेण, मूत आणि सांडपाणी एकत्र वाहते, म्हणून ग्रामसभेत एका गटाने सगळे गोठे गावाबाहेर हलवण्याचा ठराव मांडला आहे. दुसऱ्या गटाचे म्हणणे असे की, दुधावर घर चालते आणि या उन्हाळ्यात गावच्या दूध संस्थेचे दूध दोनदा शीतकरण केंद्रावरून नासके म्हणून परत आले. आधी दुधाचे बघा, स्वच्छतेचे नंतर पाहू. यांपैकी आधी काय हाती घ्यावे, असे ताई विचारतात.

ताई, मी पशुधन विकास अधिकारी म्हणून तीस वर्षे सांगली, सातारा आणि सोलापूर जिल्ह्यांतील गावांत काढली. त्या अनुभवावरून सांगतो, आपल्या ग्रामसभेतले दोन्ही गट एकाच गोष्टीवरून भांडत आहेत. शाळेच्या वाटेवरचे शेण आणि केंद्रावरून परत आलेले दूध या दोहोंचे मूळ एकच आहे: शेणामुताला आणि पाण्याला गावात नेमून दिलेली जागा उरलेली नाही.

आधी शेणाचा हिशेब मांडून पाहा. एक मोठे संकरित जनावर दिवसाला साधारण १५ ते २० किलो शेण टाकते आणि दहा लिटरच्या आसपास मूत्र. वासरे, कालवडी आणि रेडके धरून सरासरी बरीच खाली आणली तरी आपल्या गावात रोज अडीच ते तीन टन शेण पडते, म्हणजे आठवड्याला वीस टन. पूर्वी हे शेण परसातल्या उकिरड्यात जात असे आणि उन्हाळ्यात बैलगाड्या भरून रानात पडत असे. आता बहुतेक घरांची बैलजोडी गेली, भावाभावांच्या वाटण्यांत परसात घरे उभी राहिली, ट्रॅक्टरची खेप परवडत नाही म्हणून खत वर्षभर जागचे हलत नाही, आणि उकिरडा सरकत सरकत रस्त्यावर आला. त्याला घरमालकाचा आळस म्हणून दंड लावत बसलात, तर दंडाची पावती फाडली जाईल आणि उकिरडा तिथेच राहील.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. २०००-०१ मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले, तेव्हा आमच्या कार्यक्षेत्रातल्या एका गावाचे सगळे उकिरडे आम्ही तपासणी समिती येण्याआधी पंधरा दिवसांत हलवले. रस्ते झाडले, दारापुढे सडारांगोळी झाली, समितीने कौतुक केले. पण उचललेले शेण कुठे टाकायचे याची कायमची सोय कोणीच केली नव्हती, त्यामुळे पुढच्या आषाढात सगळे उकिरडे पुन्हा जागच्या जागी आले. गाडगेबाबा गावात शिरताच हातात खराटा घेत आणि रात्री कीर्तनात लोकांची खरडपट्टी काढत, हे आपण सगळेच सांगतो. आम्ही त्यांचा खराटा घेतला आणि कीर्तन सोडून दिले.

आता हे शेण दुधात कसे जाते ते पाहू, कारण आपल्या दुसऱ्या गटाला पटणारा मुद्दा हाच आहे. निरोगी सडातून बाहेर पडणाऱ्या दुधात जंतू फार थोडे असतात. बाकीचे सगळे नंतर बाहेरून येतात. वैशाखातली पहाट घ्या. जनावर रात्रभर ओल्या शेणात बसलेले, मांड्यांवर आणि कासेवर शेणाच्या खपल्या. धार काढायला बसलेली बाई तांब्याभर पाणी कासेवर मारते, दोन वेळा हात फिरवते आणि तशाच ओल्या कासेची धार काढू लागते. कासेवरचे पाणी शेण घेऊन सडांवरून ओघळते आणि थेंबाथेंबाने बादलीत पडते. पुष्कळांना खरे वाटत नाही, पण अशी धुऊन न पुसलेली कास कोरड्या झटकलेल्या कासेपेक्षा दुधाला जास्त घातक असते. सगळी कास भिजवू नये. फक्त सड धुवावेत आणि ते कोरड्या, स्वच्छ फडक्याने पुसून मगच पान्हा घ्यावा. फडके प्रत्येक जनावराला वेगळे असावे. एकाच फडक्याने चार गाईंची कास पुसली की एकीची दगडी, म्हणजे कासेची सूज, चौघींना होते.

त्याच वेळी पुढे गव्हाणीत कडबा किंवा भुसा टाकलेला असतो. त्याची धूळ उडून बादलीत बसते, म्हणून वाळली वैरण धारेनंतर टाकावी. धारेच्या वेळी थोडे खाद्य द्यायला हरकत नाही. सडाची पहिली तीन-चार पिचकारी बादलीत किंवा जमिनीवर न सोडता काळ्या तळाच्या वाटीत घ्यावी; गाठी, पाणीदारपणा किंवा रक्ताची लाली लगेच दिसते. धार संपल्यावर सडाचे तोंड अर्धा तास तरी पुरते मिटत नाही, म्हणून त्या वेळात जनावर खाली बसू नये यासाठी हिरवी वैरण समोर टाकून ते उभे ठेवावे. सड आयोडीनच्या द्रावणात बुडवण्याची सवय लागली तर उत्तमच.

यानंतरचा प्रवास जास्त वाईट असतो. दूध सडातून ३८ अंशांच्या आसपास बाहेर येते आणि हे तापमान जंतूंना फार मानवते. अनुकूल स्थितीत कित्येक जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात. तीन तासांत असे नऊ वेळा झाले तर एकाचे पाचशे होतात. धार साडेपाचला निघाली, संस्थेत माप सातला झाले, टेंपो साडेआठला आला आणि शीतकरण केंद्रावर दूध दहाला उतरले, तर गावाच्या वाट्याला चार-साडेचार तास आले. थंडीत हे खपून जाते. एप्रिल-मे महिन्यांत हेच दूध केंद्रावर उकळून पाहिले की फाटते. दूध ४ अंशांपर्यंत थंड करणारा बल्क कूलर गावात किंवा शेजारच्या गावात असेल तर निम्मे दुखणे संपते, पण निम्मेच. थंडीने जंतू थांबतात, मरत नाहीत. घाण दूध थंड केले तर ते थंड घाण दूध होते.

एक गोष्ट प्रत्यक्ष पाहा. कोणत्याही घरातली प्लास्टिकची किटली उचला, झाकण काढा आणि झाकणाखालची रबरी कडी नखाने उचकटून वास घ्या. मग खुंटीला टांगलेले गाळणीचे फडके पाहा. जुन्या साडीचा तो तुकडा कधी उन्हात वाळलेला नसतो. स्टीलची, रुंद तोंडाची, आत सांधा नसलेली किटली आणि रोज उकळत्या पाण्यातून काढून उन्हात टाकलेले गाळणीचे कापड एवढ्यानेच मी कितीतरी गावांत नासक्या दुधाचे प्रमाण कमी झालेले पाहिले आहे.

गावातली सर्वांत अस्वच्छ सार्वजनिक जागा कोणती, असे मला विचारले तर मी पुष्कळदा दूध संस्थेच्या दारापुढची जागा दाखवतो. सकाळ-संध्याकाळ सगळे गाव तिथे येते. किटल्या विसळलेले पाणी आणि तपासणीनंतर उरलेले नमुने पायरीखालच्या गटारात जातात, तिथे आंबतात, कुत्री येतात, माश्या बसतात आणि त्याच माश्या वरच्या उघड्या कॅनवर येतात. आपल्या कामाची सुरुवात मी इथून करीन. दारापुढे उताराची फरशी, धुण्याचे पाणी मुरवणारा जाळीचा शोषखड्डा, उरलेल्या नमुन्यांसाठी झाकणाचे भांडे आणि खिडक्यांना जाळी, एवढे काम एका आठवड्याचे आहे. गावाला बदल रोज दोनदा दिसेल अशी दुसरी जागा नाही.

माश्यांविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण उकिरड्याचे वेळापत्रक माशी ठरवते. उन्हाळ्यात अंड्यातून माशी तयार व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून ओला ढीग आठवड्याच्या आत उचलला, पसरून वाळवला किंवा माती आणि पाचटाखाली झाकला तर साखळी तुटते. पंधरा दिवसांनी उचललात तर एक पिढी उडून गेलेली असते. घरमाशी त्रास देते, पण गोठ्यातली चावरी माशी दूध कमी करते. ती शेणमूत मिसळलेल्या कुजक्या वैरणीत वाढते. दिवसभर पाय आपटणारे, शेपटी मारणारे जनावर धड खात नाही आणि धड रवंथ करीत नाही. २०२२ मध्ये लम्पीची साथ आली तेव्हा चावऱ्या माश्या, डास आणि गोचीड यांचे महत्त्व सगळ्यांना कळले. लस मुख्य होतीच, पण कुजक्या वैरणीच्या ढिगांशेजारी बांधलेल्या जनावरांचे हाल मी जवळून पाहिले आहेत.

इथवर गोठ्याची घाण गावात कशी येते ते झाले. उलट दिशेची वाट लोकांच्या लक्षात कमी येते. आठवडा बाजाराच्या संध्याकाळी भाजीचे देठ, सडकी फळे आणि शिळे अन्न कॅरीबॅगेत गाठ मारून टाकले जाते. जनावर पिशवी सोडत नाही, आतल्या वासासाठी सगळे गिळते. राज्यात २०१८ पासून प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी आपण ओट्याभोवती फिरून किती पिशव्या मिळतात ते पाहा. भाकड म्हणून मोकळ्या सोडलेल्या गाई हे खातात आणि वर्षभराने व्यालेली गाय वैरण खाईनाशी होते, पोट फुगते, दूध चढत नाही, तेव्हा आम्हाला बोलावले जाते. पोट उघडून काढलेला प्लास्टिकचा, दोरीचा आणि चिंध्यांचा घट्ट गोळा एकदा पाहिला की माणूस विसरत नाही. बांधकामावरची तार आणि खिळे याहून वाईट, कारण ते पोटातून हृदयाकडे सरकतात. बाजाराच्या दिवशी भाजीचा उरलेला माल मोकळा, बिनपिशवीचा एका ओट्यावर जमा करायचा आणि रात्री आठच्या आत मैदान झाडून घ्यायचे, हे बाजारकराच्या पावतीवरच छापून टाका.

गाजर गवताचेही तसेच. एका गावात पावसाळ्यात एकाच आळीचे दूध कडवट लागते म्हणून तक्रार आली. पशुखाद्य, औषधे, किटल्या असे सगळे तपासून झाले. शेवटी भारा सोडून पाहिला तर कालव्याच्या कडेला कापलेल्या गवतात गाजर गवताच्या फांद्या निघाल्या. जनावर ते आवडीने खात नाही, पण कुट्टीतून पोटात जाते आणि दुधाला कडवटपणा येतो. शाळेचे मैदान, स्मशानभूमीची वाट आणि कालव्याची कड इथले गाजर गवत फुलावर येण्याआधी, पाऊस पडून जमीन मऊ असताना हातमोजे घालून मुळासकट उपटावे. फुलाआधीचे खतात चालते. फुललेले टाकले तर खताबरोबर बी सगळ्या शिवारात जाते.

आता एक नाजूक विषय. पश्चिम महाराष्ट्रात आणि लगतच्या कर्नाटकात व्यालेल्या जनावराची वार, म्हणजे वासरामागून पडणारी झिल्ली, पोत्यात बांधून गावाबाहेरच्या वडाला टांगण्याची चाल आहे. वडाला चीक असतो, म्हणून जनावराला दूध येते, अशी समजूत. मी या चालीला हसत नाही. वार कुत्र्यांच्या तोंडी लागू नये, जनावराने स्वतः खाऊ नये आणि ती गोठ्यापासून दूर जावी, ही तिच्यातली व्यवहाराची बाजू होती. पूर्वी ती पेंढ्यात गुंडाळत आणि सगळे मिळून झडून जाई. आज खताच्या नायलॉन पोत्यांत बांधलेल्या वारा वर्षानुवर्षे लोंबतात, सडतात, फुटतात आणि खाली पडतात. मधल्या काळात गाभडण्याचा, म्हणजे गर्भ पडण्याचा सांसर्गिक रोग, ब्रुसेल्ला, आपल्या ओळखीचा झाला आहे. गाभडलेल्या जनावराच्या वारेत आणि स्रावात त्याचे जंतू भरपूर असतात. ते उघड्या हातांनी उचलणाऱ्या माणसालाही महिनोन्महिने ताप आणि सांधेदुखी लागते. म्हणून गाभडलेल्या जनावराची वार झाडाला किंवा उकिरड्यावर मुळीच जाऊ नये. हातमोजे घालून, चुना टाकून खोल पुरावी. चार ते आठ महिन्यांच्या कालवडी व पारड्यांना आयुष्यात एकदा द्यायची लस आहे, ती चुकवू नये. निरोगी बाळंतपणाच्या वारेसाठी त्याच वडाजवळ, पण विहिरीपासून दूर, एक झाकणाचा खड्डा ग्रामपंचायतीने करून द्यावा. लोकांनी वड सोडावा असा आग्रह धरलात तर कोणी ऐकणार नाही. वडाजवळ पुरावे म्हटलेत तर म्हातारी माणसेही ऐकतात, हा माझा अनुभव आहे.

गोठे गावाबाहेर हलवण्याच्या ठरावाबद्दल माझे मत विचारले आहे, ते स्पष्ट सांगतो: आज असा ठराव करू नका. मुंबईत वस्तीतल्या म्हशींचे तबेले हलवण्यासाठी १९४९ मध्ये गोरेगावला आरे दूध वसाहत उभी राहिली, पण तिथे सरकारने तीन हजारांहून अधिक एकर जागेवर गोठे, रस्ते आणि पाण्याची सोय केली होती. आपल्याकडे गावाबाहेर वीज नाही, पाणी नाही, रात्री राखण नाही. पहाटे पाचला अंधारात बाईने एकटीने किटली घेऊन अर्धा कोस चालायचे, हे ठराव मांडणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर नसते. दोन-तीन जनावरांवर गुजराण करणारी घरे अशा वेळी जनावर विकतात. दहा जनावरांचा मळेवाला टिकतो. ज्यांचे रान गावालगत आहे आणि ज्यांच्याकडे सहा-आठ जनावरे आहेत त्यांना मुक्तसंचार गोठ्यासाठी प्रोत्साहन द्या. तिथे जनावर मोकळे फिरते, कोरड्या जागी बसते, कास स्वच्छ राहते आणि शेण रोज भरावे लागत नाही. हळूहळू निम्मी जनावरे याच वाटेने गावठाणाबाहेर जातील.

उरलेल्या गावठाणासाठी खताची सामाईक जागा हवी. गायरानात, पिण्याच्या विहिरीपासून आणि ओढ्यापासून दूर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला दहा गुंठे जागा आपल्या गावाला पुरते. ट्रॉली आळीवार फिरवून प्रत्येक आळीतून आठवड्यात दोनदा शेण उचलावे. ढिगांवर घरमालकाच्या नावाची पाटी राहिली पाहिजे, हे विसरू नका. सामाईक खड्डे बंद पडलेले मी पाहिले ते याच कारणाने: शेण माझे, खत कोणाचे, हा प्रश्न कोणी सोडवलेला नव्हता.

काडीकचऱ्याचे खत करणाऱ्या नाडेप टाक्यांचा आग्रह जिल्ह्यावरून होईल. पुसदच्या नारायण पांढरीपांडे यांची ही पद्धत फार चांगली आहे, पण ती कशासाठी आहे ते समजून घ्यावे. दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि तीन फूट उंच अशा टाकीला शंभर किलोच्या आसपासच शेण लागते. बाकी पालापाचोळा, काडीकचरा आणि माती. थोड्या शेणात जास्त खत करण्यासाठी ती काढलेली आहे. आपल्याकडे शेणाचा महापूर आहे, त्यामुळे नाडेप शाळा, मंदिर आणि बाजाराच्या कचऱ्यासाठी बांधा, शेणासाठी गांडूळखताचे वाफे करा. बायोगॅस ज्यांच्याकडे तीन-चार जनावरे आणि गोठ्यालगत जागा आहे त्यांनाच सुचवा. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज ५० किलो ताजे शेण आणि तेवढेच पाणी लागते. अनुदानासाठी बांधलेली आणि पुढे तुळशीवृंदावनासारखी उभी राहिलेली संयंत्रे आपणही पाहिली असतील.

पैशाचे थोडक्यात सांगतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी पंचायतींच्या अनुदानातला ६० टक्के भाग बंधित, म्हणजे ठरावीक कामांसाठीच, ठेवला, निम्मा स्वच्छतेसाठी आणि निम्मा पाण्यासाठी. त्यात सांडपाणी आणि घनकचरा दोन्ही बसतात. गोठ्याची पक्की फरशी, मूत्रसंचय टाकी आणि शोषखड्डे रोजगार हमीच्या कामांत धरता येतात. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीच्या ग्रामसेवकांना) आराखड्यात कामांची नावे नेमकी लिहायला सांगा. "स्वच्छता विषयक कामे" असे मोघम लिहिले की निधी पडून राहतो.

शेवटचा अडथळा दूध संस्थेचा आहे आणि तोच सर्वांत मोठा. गाईच्या दुधाचा दर आपल्याकडे फॅट आणि एसएनएफवर (फॅट सोडून दुधातले इतर घन पदार्थ), साधारणपणे ३.५ आणि ८.५ धरून ठरतो. दहा दिवसांच्या बिलात लिटर, फॅट, एसएनएफ, दर आणि पशुखाद्याची कपात असे सगळे असते. स्वच्छतेला रकाना नाही. कास पुसून, फडके उकळून दूध घालणाऱ्याला आणि शेणाच्या हाताने धार काढणाऱ्याला एकच भाव मिळतो, आणि दोघांचे दूध चाळीस लिटरच्या एकाच कॅनमध्ये पडते. दूध परत आले की नुकसान मात्र सगळ्यांत वाटले जाते. हे अन्यायाचे आहे आणि जोवर हे चालू आहे तोवर माझ्यासारख्यांची व्याख्याने फुकट आहेत. संचालक मंडळाला एवढेच मागा: दर दहा दिवसांत एकदा प्रत्येक खात्याच्या दुधाची, जंतूंचे प्रमाण रंगावरून दाखवणारी मिथिलिन ब्ल्यू चाचणी घ्यावी आणि चांगल्या निकालाला लिटरमागे काही पैसे बिलात वाढवून द्यावेत. दंड नको, वाढीव पैसे दिसले की शेजारी आपणहून विचारतो.

ही चाचणी ग्रामसभेतच करून दाखवा. दोन स्वच्छ नळ्या घ्या. एकीत सड धुऊन, पुसून, उकळलेल्या भांड्यात काढलेले दूध, दुसरीत रोजच्या पद्धतीने काढून प्लास्टिकच्या किटलीतून आणलेले. प्रत्येकी १० मिलिलिटर दुधात १ मिलिलिटर निळे द्रावण घालून दोन्ही नळ्या ३७ अंशांच्या कोमट पाण्यात ठेवा. जंतू जितके जास्त तितका निळा रंग लवकर उडतो. फार वाईट दूध अर्ध्या तासात पांढरे होते आणि चांगले पाच तासही निळे राहते. नळ्या सभा सुरू होतानाच टेबलावर ठेवा आणि गोठ्यांचा विषय शेवटी घ्या. नळ्यांवर फक्त एक आणि दोन असे आकडे घाला. दूध कोणाच्या घरचे होते ते सांगू नका.